फ्रेंच शब्द लक्षात ठेवायच्या युक्त्या – 'शेझ' म्हणजे पलंग नव्हे!

वेलांटी
नमस्कार मंडळी. दोन महिन्यांपूर्वी फ्रेंचच्या अगदी पहिल्या पायरीच्या ऑनलाइन वर्गात नाव घातलं. व्याकरण कसंबसं झेपतंय, पण शब्दांनी जीव काढलाय. दर आठवड्याला पंचवीस-तीस नवे. सुरुवातीला शाळेतल्यासारखे दहा-दहा वेळा लिहून काढले, वही भरली, डोकं रिकामंच. मग वर्गातल्या एकीने युक्ती सांगितली की फ्रेंच शब्द ऐकून कुठला मराठी शब्द आठवतो तो धरायचा आणि दोघांचं मिळून एक विचित्र चित्र डोक्यात रंगवायचं. उंदराला फ्रेंचमध्ये म्हणतात 'सुरी'. तर उंदीर सुरी घेऊन उभा. मला इतकी मजा आली की एका संध्याकाळी चाळीस शब्दांची चित्रं करून टाकली आणि घरात सगळ्यांना ऐकवत फिरले.

परवा चाचणी झाली. 'शेझ' म्हणजे खुर्ची. मी त्यासाठी शेज धरली होती. उत्तर लिहिलं 'पलंग'. मनात शंकासुद्धा आली नाही. पुढचा शब्द 'सुरी', तिथे मी चक्क 'सुरी' लिहून आले. चाळीसपैकी बावीस. दहा-दहा वेळा लिहायचे तेव्हाही एवढेच यायचे.

तर ही पद्धत खरंच चालते का, की नुसता टाइमपास आहे? चालत असेल तर माझं कुठे चुकतंय? आणि नामाआधी लागणाऱ्या 'ल'-'ला'चं (पुल्लिंगी 'ल', स्त्रीलिंगी 'ला'), म्हणजे लिंगाचं, काय करायचं?

उनाड_ढग
उंदीर पळाला आणि सुरी ठेवून गेला. हहपुवा =))

सरळसोट
घोका. दुसरा इलाज नाही. पाढे चित्रं काढून पाठ केले होते का? एका शब्दासाठी अजून एक शब्द आणि वर एक चित्र, म्हणजे ओझं तिप्पट. मी रोज पहाटे वीस शब्द मोठ्याने म्हणत असे, अजून पाठ आहेत.

उनाड_ढग
सरळसोट, कुठल्या भाषेचे?

सरळसोट
जर्मन. मुद्दा तोच.

तिरका_कोन
वेलांटी, पद्धत चालते आणि ती नुसती गंमत नाही. ॲटकिन्सन आणि रॉ या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1975 मध्ये याच पद्धतीवर प्रयोग प्रसिद्ध केला, इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना तीन दिवसांत 120 रशियन शब्द शिकवून. ज्यांना आवाजाचा शब्द आणि चित्र ही युक्ती दिली त्यांचे 72 टक्के शब्द बरोबर आले, बाकीच्यांचे 46. पण सहा आठवड्यांनी न सांगता परत परीक्षा घेतली तेव्हा युक्तीवालेही 43 वर आले होते (दुसरे 28 वर). म्हणजे सरळसोट यांच्या पहाटेच्या वीस शब्दांनाही काम आहे. चित्राने शब्द आत येतो, तो आत राहावा म्हणून उजळणी लागतेच.

आता तुझ्या चुका, आगाऊपणाबद्दल माफी. 'शेझ'साठी शेज हा शब्द आवाजाला अगदी फिट आहे आणि म्हणूनच घातक आहे. खुर्ची आणि शेज दोन्ही फर्निचर. डोक्याला आठवलं की काहीतरी बसायचं-झोपायचं होतं आणि त्याने जवळचा दरवाजा उघडला. मधला शब्द अर्थाच्या गल्लीतला नको, लांबच्या गावचा हवा. 'शेझ'साठी 'शेजारी' घे. शेजारी आला आणि खुर्ची घेऊन गेला, परत द्यायचं नाव नाही. शेजारी म्हणजे खुर्ची असं तू मेलीस तरी लिहिणार नाहीस.

दुसरं, सुरी घेऊन 'उभा' उंदीर हा फोटो झाला. त्या दोघांत काही घडत नाहीये. उंदीर सुरीचं पातं कुरतडतोय आणि करकर आवाजाने तुझे दात आंबतायत, असं काहीतरी हवं. मग सुरी हातात आली की कुरतडणारा आपोआप मागे येतो.

भिंगरी
दात आंबले वाचूनच.

निमूट
माझे काही, आवाज अंदाजे:

लापँ = ससा. लपून बसलाय. यापेक्षा सोपा शब्द जगात नाही.
गार = रेल्वे स्टेशन. पहाटेची गाडी, बाकडं गार.
पूल = कोंबडी. सगळी वाहतूक थांबवून पुलावरून चाललीय.
कूद = कोपर. कुदळ लागली नेमकी कोपराला.
शव्हाल = घोडा. शेवाळावरून घसरला.
दमँ = उद्या. आज दमले, उद्या बघू.
झामे = कधीच नाही. कधीच जमेना.

शेवटचे दोन माझ्या आयुष्याचं सार आहेत.

काकू_नंबर_वन
निमूट, तुझं नाव बदल गं, एवढं बोलतेस. 'दमँ' चोरला. माझा एक घे, खिडकीला 'फनेत्र' म्हणतात. त्यात आपला नेत्र आयताच बसलाय, घराचा डोळा. आणि पाणी म्हणजे नुसतं 'ओ'. मी म्हणते 'ओत'. पाण्यावाचून दुसरं काय ओतणार.

रिकामटेकडा_०७
कुत्रा = शिअँ. यावर मी काय चित्र केलं असेल ते सुज्ञांस सांगणे न लगे.

भिंगरी
शी!

रिकामटेकडा_०७
बरोब्बर.

पाऊसवेडी
रंगाचा बेरंग करते, पण सहा वर्षं फ्रान्समध्ये काढलीयेत म्हणून बोलते. या युक्त्यांनी शब्द आठवतो, पण तोंडातून मराठीच बाहेर पडतो. 'दमँ'मधला शेवटचा स्वर नाकातून जातो आणि तिथेच संपतो, 'म' मिटायचा नाही. तुम्ही दमले-दमले करत पाठ केलंत तर तुमचा 'उद्या' कोणाला कळणार नाही. तेच 'र'चं, तो घशातून येतो, आपल्या गारमधला र नव्हे.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे 'उ'. फ्रेंचमध्ये दोन वेगळे आहेत. एक आपला साधा ऊ, आणि दुसरा, ओठ ऊ म्हणायला काढायचे आणि आतून ई म्हणायचं. आपल्या लिपीत तो लिहिताच येत नाही, म्हणून मराठी शब्द धरला की दोन्ही एकच होऊन बसतात. 'वर' आणि 'खाली' यांचे दोन शब्द आहेत, देवनागरीत दोन्ही 'दसू' लिहाल. फरक फक्त त्या उकारात. नोकरीच्या पहिल्या महिन्यात सहकारी म्हणाली फाइल वरच आहे आणि मी तिच्यासमोर टेबलाखाली गुडघ्यांवर रांगत होते. ती बिचारी वाकून बघायला लागली की माझं काय हरवलं.

म्हणून माझं म्हणणं, आधी शब्द फ्रेंच माणसाच्या तोंडून दहा वेळा ऐका, मोठ्याने म्हणा, आणि मग खुशाल उंदराच्या हातात सुरी द्या. उलट क्रमाने केलंत तर पुढे दुरुस्त करायला वर्षं जातात. माझी गेली.

तिरका_कोन
पाऊसवेडी यांना +१. मधला शब्द हा आठवायला हूक आहे, उच्चार शिकायला नाही. मी माझ्या कार्डांवर मराठी शब्द लिहीतच नाही, तो डोक्यातच ठेवतो. कार्डावर फ्रेंच आवाज आणि चित्र.

अवग्रह
एवढे उंदीर-कोंबड्या नाचवण्याआधी एक गोष्ट पाहावी असे सुचवतो. फ्रेंच लॅटिनमधून आली, आणि लॅटिन आणि संस्कृत या लांबच्या बहिणी. त्यामुळे कित्येक शब्द आपल्याला आधीच येतात, फक्त त्यांचे कपडे बदललेत. दाँ म्हणजे दंत. झनू म्हणजे गुडघा, आपले जानु, आजानुबाहूतले. नों म्हणजे नाम. म्वा म्हणजे मास, महिना. व्हव म्हणजे विधवा. सेत म्हणजे सप्त, नफ म्हणजे नव. आणि 'त्यू' म्हणजे तर चक्क तू, तोही एकेरीच! मोठ्यांना 'व्हू' म्हणायचे. इंग्रजीवाल्यांना कुणाला त्यू आणि कुणाला व्हू हे शिकवायला आख्खा तास जातो, आपल्याला ते आईच्या मांडीवरच कळलेले असते.

काकू_नंबर_वन
अवग्रह, आजानुबाहूचा गुडघा अफलातून. आता विसरणं शक्य नाही.

हिशेबनीस
त्यात पोर्तुगीजांनी आपल्याकडे ठेवून गेलेले शब्दही धरा. पोर्तुगीज आणि फ्रेंच दोघी लॅटिनच्याच लेकी. पगार शब्द पोर्तुगीजमधला, फ्रेंचमध्ये पैसे देणे म्हणजे 'पेये', मूळ एकच. चावीचंही तसंच, फ्रेंचमध्ये 'क्ले' होते, कानाला पटत नाही पण आजी एकच. अननस तर जवळजवळ अननसच.

रिकामटेकडा_०७
मग मांजर म्हणजे 'शा', ते शार्दूलमधून आलं का?

अवग्रह
नाही. पण लक्षात ठेवायला उत्तम आहे, ठेवा. आवाज जुळला म्हणजे नाते असतेच असे नव्हे, एवढे ध्यानात असले की झाले.

भिंगरी
मला कोणी आकड्यांचं सांगा. सत्तरपर्यंत ठीक चाललं होतं आणि मग या लोकांना काय झालं कळत नाही. सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, नव्याण्णव म्हणजे चार-वीस-दहा-नऊ. फोन नंबर ऐकताना मी पहिला आकडा लिहून खोडते.

सरळसोट
एकोणऐंशी, एकोणनव्वद म्हणणाऱ्यांनी दुसऱ्याच्या आकड्यांवर बोलू नये. आपले एक ते शंभर सगळेच पाठ करावे लागतात. पुन्हा सांगतो, घोका.

हिशेबनीस
माझी पणजी विसांनी मोजायची. एक वीस, दोन विसा, चार विसा आणि वर तीन. तिला ऐंशी म्हणून माहीतच नव्हतं. 'कात्र-व्हँ' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ती आठवली, तिला फ्रेंच आकडे एका दिवसात आले असते. व्हँ म्हणजे विंशतीच. पॅरिसमध्ये डोळ्यांचं एक जुनं रुग्णालय आहे, तेराव्या शतकात राजा नववा लुई याने तीनशे आंधळ्यांसाठी काढलेलं, त्याचं नावच 'पंधरा-विसा' आहे, कँझ-व्हँ. म्हणजे हे पूर्वी सगळीकडेच चालायचं, फ्रेंचांच्या ऐंशीत ते अडकून राहिलं. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये मात्र सत्तरला 'सेप्ताँत' आणि नव्वदला 'नोनाँत' म्हणतात, सप्तति आणि नवति.

भिंगरी
मी बेल्जियमला चालले.

उनाड_ढग
चारशे वीस लोक ऐकले होते, चार-वीस लोक पहिल्यांदाच.

वेलांटी
अरे धागा कुठे नेलात :) पण पणजी फार आवडली. लिंगाचं कोणी सांगेल का? आपल्याकडे पुस्तक नपुंसक, त्यांच्याकडे पुल्लिंगी. हात आपला तो, त्यांचा ती. समुद्रही ती. टेबलसुद्धा ती! मी पन्नास टक्के वेळा बरोबर असते आणि ते नाणं उडवूनही जमेल.

निमूट
मी पुल्लिंगी वस्तूंना आग लावते आणि स्त्रीलिंगी सगळ्या पाण्यात बुडवते. म्हणजे चित्रातच. 'ल लिव्ह्र', पुस्तक, जळतंय. 'ला शेझ', खुर्ची, गटांगळ्या खातेय. शेजाऱ्यासकट. मिशा लावून आणि साड्या नेसवून पाहिलं, पण मग सगळी चित्रं सारखीच दिसायला लागली. आगीचं तसं होत नाही. पुस्तक जळतं तसं झाड जळत नाही.

पाऊसवेडी
आणि शब्द 'ल-ला'ने नका पाठ करू, 'अँ-यून'ने, म्हणजे आधी 'एक' लावून करा (पुल्लिंगी 'अँ', स्त्रीलिंगी 'यून'). कारण शब्द स्वराने सुरू झाला की ल आणि ला दोन्ही गिळून नुसता 'ल्' उरतो, 'लो' म्हणजे पाणी, 'लार्ब्र' म्हणजे झाड, आता यातला तो कोण आणि ती कोण? 'अँन् आर्ब्र' म्हटलं की झाड पुल्लिंगी हे त्यातच आलं.

शेपट्या पण बघा. 'सियों'ने संपणारे, इंग्रजीत ज्यांना 'शन' म्हणतो ते, स्त्रीलिंगी. 'माँ'ने संपणारी मोठी नामं, गुव्हेर्नमाँ वगैरे, पुल्लिंगी. 'आझ'वाले बहुतेक पुल्लिंगी, पण पान, चित्र, समुद्रकिनारा आणि पिंजरा हे चार स्त्रीलिंगी. त्यांचं मी एक वाक्य केलं होतं, किनाऱ्यावर पिंजरा, पिंजऱ्यात पान, पानावर चित्र. पंधरा वर्षं झाली, अजून आहे.

तिरका_कोन
एक युक्ती राहिली, आणि ही तर फ्रेंच शिकवणारेच फळ्यावर काढतात. भूतकाळ करताना थोडी क्रियापदं 'असणे' हे सहाय्यक घेतात, बाकी बहुतेक 'जवळ असणे'. ती थोडी लक्षात ठेवायला एक घर काढतात. दारातून आत येणे, बाहेर जाणे, जिना चढणे, उतरणे, वरच्या खोलीत जन्म, दुसऱ्या खोलीत मरण, आणि जिन्यावरून पडणे. ते शब्द एका घरात राहतात एवढं माहीत असलं की पुरे. ग्रीक कवी सिमोनिदीसच्या नावावर जी जागांची युक्ती सांगतात, छत कोसळल्यावर कोण कुठे बसलं होतं त्यावरून माणसं ओळखली ती, तिचाच हा नातू. सुट्या शब्दांना मी ती वापरत नाही, पण यादी करायची असेल तर घर बेस्ट.

पडणे म्हणजे 'तोंबे'. जिन्यावरून तोंडावर. जन्मणे म्हणजे 'नेत्र', हो, हुबेहूब. बाळाने नेत्र उघडले.

काकू_नंबर_वन
माझ्या खिडकीतला नेत्र आता पाळण्यात गेला. आता दोन्ही घोटाळा करणार.

तिरका_कोन
काकू, खिडकीला 'फ' आहे. फट समजा. फटीतून नेत्र.

रिकामटेकडा_०७
मीही एक केलंय. फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटचं व्यंजन बहुतेक गप्प असतं, पण चार सहसा बोलतात, क, र, फ आणि ल. इंग्रजीवाले त्याला 'केअरफुल' म्हणतात. मी म्हणतो 'कर, फल मिळेल'. कर फल. भगवंतांनी फलाची आशा धरू नको सांगितलंय, पण फ्रेंचमध्ये चालतं.

अवग्रह
रिकामटेकडा, हे आपण पहिल्यांदाच कामाचे बोललात.

पाऊसवेडी
भारी आहे. फक्त 'पार्ले', 'मांझे' अशा क्रियापदांच्या शेवटी लिहिलेला र बोलत नाही, तिथे फल मिळत नाही.

हिशेबनीस
उजळणीबद्दल एक. रोज सगळे शब्द बघू नका, तो वेळ वाया. जर्मन लेखक लाइटनरने 1972 मध्ये पेटीची पद्धत सांगितली, खोक्यात पाच कप्पे, आला की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकला की परत पहिल्यात, आणि मागचे कप्पे उशिरा उशिरा उघडायचे. अँकी नावाचं ॲप याच कल्पनेचं पुढचं रूप. माझ्याकडे अजून बुटांचं खोकं आहे, मधे पुठ्ठे लावलेत. पहिल्या कप्प्यात जे शब्द हटून बसतात ना, फक्त त्यांचीच चित्रं करतो. सगळ्यांची नाही. चाळीसपैकी दहाबारा निघतात. वेलांटी, तू एका संध्याकाळी चाळीस केलीस तिथेच गर्दी झाली बघ.

सरळसोट
म्हणजे शेवटी घोकंपट्टीच, पण खोक्यात.

हिशेबनीस
हो. पण सोमवारचं मंगळवारी नाही, पुढच्या सोमवारी.

वेलांटी
तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय, हिशेब द्यायला. हिशेबनीस म्हणाले तसं खोकं केलं. आधी आवाज ऐकायचा, म्हणायचा, आणि तीनदा चुकला तरच चित्र. चाळीसमधले अकरा शब्द चित्राचे निघाले, बाकीचे नुसते पुन्हा पुन्हा बघून आले, सरळसोट यांना सांगायला हरकत नाही. काल चाचणीत छत्तीस.

एक गंमत मात्र कोणी सांगितली नव्हती. 'शेझ' ऐकलं की पहिले चार-पाच दिवस शेजारी यायचा, मग खुर्ची. आता शेजारी येतच नाही. बाई वर्गात म्हणाल्या खुर्च्या ओढून बसा, आणि मी ओढली. नंतर लक्षात आलं की आपण मधे कुठे थांबलोच नाही.

चुकलेले चार: तीन उलट दिशेचे, म्हणजे मराठी देऊन फ्रेंच विचारलेले. कोंबडी दिसली, पूलही दिसला, पण 'यून पूल' लिहिताना अक्षरं कुठली ते आठवेना. त्याला बहुतेक लिहूनच काढायला लागणार.

सरळसोट
दहा वेळा.

वेलांटी
:) आणि चौथा शब्द मला अजून हुलकावणी देतोय. खार. 'एक्युरय'सारखं काहीतरी. नीट म्हणताही येत नाही, चित्र काय करू?

पाऊसवेडी
तो शब्द मला यायला दोन वर्षं लागली. चालू दे.

काकू_नंबर_वन
एकेरी. खारीला कोण अहो-जाहो करतं? सगळे एकेरीतच हाक मारतात. तिला 'व्हू' म्हटलं म्हणून ती रुसून झाडावर चढलीय.

वेलांटी
काकू! जमलं. फक्त आपली खार ती आणि त्यांची खार तो आहे. म्हणजे आता रुसलेल्या खारीला आगही लावू का?

निमूट
शेपटीलाच फक्त.